एका सुताचा फरक

श्रोतेहो, आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. जुन्या मोटारीचे ब्रेक, त्यांचा परस्परांतील तोल, आणि तो राखणाऱ्या भागांची अदलाबदल व परीक्षा हा विषय गॅरेजातल्या मिस्त्रीपुढे मांडावा, घरोघरच्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात वडिलांच्या वेळची एखादी मोटार अद्याप ममतेने जपली जाते, त्या घरातील माणसे त्या मोटारीत बसतात. आणि बसणाऱ्याला ती थांबते कशी हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा काही फार मोठी नव्हे. ती धावते कशी याची चौकशी सगळेच करतात.

माझ्या घरी अशीच एक मोटार आहे. ती कोणत्या कारखान्याची, हे सांगण्याचे कारण नाही. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि ते तेलाच्या दाबाने चालणारे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूस तेलाचा ओघळ दिसू लागला. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, व्हील सिलिंडर गेला. एक बदलू नका, मागचे दोन्ही बदला." सल्ला अगदी रास्त होता. एका आसावरची दोन्ही चाके सारखीच असावीत, हा ब्रेकच्या कामातला पहिला नियम आहे. मीच बाजारात गेलो आणि दोन नवे सिलिंडर घेऊन आलो. मिस्त्रींनी हातात घेताच विचारले, "माप पाहून आणलंत ना?" मी "हो" म्हणालो. बाहेरून ते जुन्या सिलिंडरांची जुळी भावंडे दिसत होते. भोके त्याच जागी, आकार तोच, धातूचा रंगही तोच. माप म्हणजे याहून निराळे काय असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याइतका प्रामाणिकपणाही त्या घटकेस माझ्यापाशी नव्हता.

सिलिंडर बसले. हवा काढून झाली. आमच्या गल्लीतून मी मोटार नेली, सुकाणूवरील हात सैल सोडून हलकेच ब्रेक दाबला, आणि मोटार दोरीत चालावी तशी सरळ थांबली. ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे. पाऊल पूर्वीपेक्षा किंचित खोल जाते असे वाटले खरे. थोडी हवा राहिली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. त्या किंचित खोल जाण्यात सारी हकीकत लिहिलेली होती.

पुढे जूनच्या पहिल्या पावसात वाईहून परत येताना जुना कात्रजचा बोगदा ओलांडून आम्ही पुण्याच्या बाजूस उतरत होतो. वेग ताशी चाळीस किलोमीटरांच्या आतच. मागच्या आसनावर आई होती. एका वळणाच्या तोंडाशी दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल अकस्मात पुढे आली, आणि मी ब्रेक दाबला. फार जोराने नव्हे. पुढची चाके जिथे जायची तिथेच चालली होती, पण मोटारीची पाठ माझ्याआधी घाट उतरण्याची घाई करू लागली. एका श्वासात आम्ही रस्त्यावर आडवे उभे होतो. तोंड डोंगराच्या कातळाकडे, पाठ दरीच्या कठड्याकडे. मागून येणारा मालट्रक भले अंतर राखून होता, म्हणून हे भाषण मी आज करू शकतो. आई काही बोलली नाही. घरी पोहोचेपर्यंत ती काहीच बोलली नाही, आणि ते मला अधिक लागले.

आता हे झाले कसे, ते समजण्यासाठी ब्रेकच्या तोलाचा थोडा विचार करू.

पूर्वीच्या मोटारींत ब्रेकचे काम सळया आणि तारा करीत असत. पेडल दाबले की सळई ओढली जाई आणि चाकाशी ब्रेक आवळला जाई. यात अडचण अशी की दोन सळया कधी सारख्या ओढल्या जात नाहीत. एक जरा आखूड, दुसरी जरा ढिली. म्हणून मध्ये एक आडवी पट्टी घालीत, तिचा मध्यबिंदू खिळीवर फिरता ठेवीत. आपल्या बैलगाडीच्या जुवासारखीच ही युक्ती: एक बैल मागे रेंगाळला तर जू तिरपे होते आणि ओझे पुन्हा दोघांवर वाटले जाते. ही पट्टी गंजून खिळीवर अडकली की संपले. मग एकच बैल गाडी ओढतो आणि गाडी रस्ता सोडते. पायाचा ब्रेक तेलावर गेल्यानंतरही अनेक जुन्या मोटारींच्या हातब्रेकात मागच्या आसाजवळ हा भाग राहिलेला आहे. चिखल-पाण्याच्या वाटेवरच तो बसवलेला असल्याने वर्षातून एकदा तरी तो साफ करून वंगण द्यावे. हातब्रेक ओढला असता एकच चाक आवळते अशी तक्रार असेल, तर केबल बदलण्यापूर्वी ही पट्टी हलते की नाही ते पाहावे.

तेलाच्या ब्रेकने सळयांचे हे भांडण मिटविले. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कलने मांडले होते. माल्कम लॉकहीड याने ते मोटारीच्या ब्रेकला लावून १९१७ साली पेटंट घेतले. विमानांच्या कारखान्यामुळे जे आडनाव आपण ऐकतो, त्या अ‍ॅलनचा हा भाऊ. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. फोर्डसारख्या मोठ्या कारखान्याने मात्र आपल्या सळया १९३९ च्या मोटारींपर्यंत सोडल्या नव्हत्या. सळई दिसते, तेल दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर जीव टाकण्यास माणूस कचरतो, यात नवल नाही.

दाब सगळीकडे सारखा. मग जोर कमी-अधिक का? तर ज्या दट्ट्यावर तो दाब पडतो, त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ कमी-अधिक असते म्हणून. आपले कारागीर इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. समजा, मास्टर सिलिंडर सात सुती आहे. आपण पायाने वीस किलोचा भार दिला, पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर शंभर किलो आले. आता चाकावरचा सिलिंडरही सात सुती असेल तर त्याचा प्रत्येक दट्ट्या शंभर किलोंनीच ढकलला जाईल. तोच सहा सुती असेल तर सुमारे त्र्याहत्तर किलोंनी. कारण सहाचा वर्ग छत्तीस आणि सातचा एकोणपन्नास. सहा सुताच्या जागी सात सूत घातले तर व्यास एका सुताने वाढतो, पण जोर शेकडा छत्तीसने वाढतो. मी बाजारातून आणलेले सिलिंडर सात सुती होते, आणि मोटारीचे मूळचे सहा सुती. सुतावरून स्वर्ग गाठणे ही म्हण आपण थट्टेने वापरतो. मी तो त्या दिवशी जवळजवळ गाठला होता.

मोठ्या सिलिंडरला तेलही जास्त लागते. म्हणून तर पाऊल खोल जात होते.

परंतु मागे जोर वाढला तर मोटार अधिक चांगली थांबावयास नको का? येथे वजनाचा प्रश्न येतो. चालती बस एकदम थांबली की उभी माणसे पुढे लोटली जातात. मोटारीचे सारे वजनही तसेच पुढच्या चाकांवर लोटले जाते. हिशेबाच्या सोयीसाठी हजार किलोंची मोटार घेऊ. उभी असताना पुढे-मागे पाचशे-पाचशे. दोन आसांतील अंतर अडीच मीटर, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला, इतका की गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतकी मंदगती यावी, तर एकशेवीस किलो वजन मागून पुढे जाते. पुढे सहाशेवीस, मागे तीनशेऐंशी. ज्या चाकावर वजन कमी, त्याची रस्त्यावरील पकड कमी. म्हणून मोटार घडविणारा पुढच्या ब्रेकला जास्त जोर देतो आणि मागच्याला कमी. ज्या जुन्या मोटारींत चारही चाकांना ड्रम असत, त्यांतल्या कित्येकींत पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर देऊन दोन्ही शू चाकाच्या फिरण्याबरोबर आपोआप आवळले जातील अशी योजना असे. मागे मात्र एकच सिलिंडर, आणि दोहोंपैकी एकच शू तसा आवळणारा. सिलिंडरांची मापे या वाटणीचाच भाग होत.

आता समजा, मूळ वाटणी पुढे बासष्ट, मागे अडतीस अशी होती. मागचा जोर शेकडा छत्तीसने वाढविला की अडतीसचे जवळजवळ बावन्न होतात. म्हणजे एकूण जोरात मागचा वाटा शेकडा पंचेचाळीसाच्या वर गेला. ओल्या रस्त्यावर मंदगती निम्मीच मिळते, म्हणून वजनही निम्मेच, साठ किलो, पुढे सरकते. मागे चारशेचाळीस उरतात. घाटाच्या उताराने त्यांतले आणखी वीसएक किलो पुढे ओढले. मागच्या चाकांवर शंभरात बेचाळीस वजन, आणि त्यांच्याकडून मागितलेला जोर शंभरात पंचेचाळीस! चाके फिरायची थांबली आणि घसरू लागली.

पुढची चाके आधी घसरली तर मोटार सुकाणूला जुमानत नाही, पण निदान सरळ जाते. मागची आधी घसरली तर ती आडवी होते. हा भेद लक्षात ठेवावा. मी गल्लीत परीक्षा घेतली ती डाव्या-उजव्या तोलाची. आणि दोन्ही सिलिंडर सारखेच चुकीचे असल्यामुळे तो तोल निर्दोष होता! पुढच्या-मागच्या तोलाची परीक्षा मी घेतलीच नव्हती. ती हलक्या पायाने होत नाही. आणि कोरड्या रस्त्यावर कधी खरा जोर लावण्याचा प्रसंग आला असता, तर मागे वजन अडतीसच उरून प्रकार याहून वाईट झाला असता. त्या आठवड्यांत तो आला नाही, हे निव्वळ दैव.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी मोटार चार घोड्यांवर चढविली. केवळ जॅकवर मोटार ठेवून तिच्याखाली हात घालू नये, हे येथेच सांगून ठेवतो. मी आत बसून पेडल सावकाश दाबू लागलो, आणि ते एकेक चाक हाताने फिरवून पाहू लागले. मागची दोन्ही चाके दगडासारखी आवळली, तरी पुढची नेट लावला असता फिरत होती. त्यांनी काही न बोलता भंगाराच्या डब्यातून जुना सिलिंडर काढला, त्याच्या आणि नव्याच्या तोंडात कॅलिपर घातला, आणि दोन्ही मापे मला दाखविली. मी "हो" म्हणालो होतो, ते त्यांच्या लक्षात होते. त्यांनी ते काढले नाही.

आता बदलण्याच्या कामाविषयी. आपण ते स्वतः करावे असे मी म्हणत नाही. पण शेजारी उभे राहून पाहावे असे अवश्य म्हणतो. ड्रम काढल्यावर आत काळी पूड दिसते. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि ती पूड फुप्फुसांत गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाते. तेव्हा तोंडाने वा हवेच्या नळीने ती कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके टाकून द्यावे. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे कोणती स्प्रिंग कोठे होती याचा नमुना दुसऱ्या बाजूस शाबूत राहतो. हा साधा नियम न पाळल्याने शहाणी माणसे संध्याकाळपर्यंत चार स्प्रिंगा हातात घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. सिलिंडर आणि रबर धुण्यास पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिनचे तेल वापरू नये. रबर फुगते आणि ब्रेक अडकतो. ब्रेकचेच ताजे तेल वापरावे. लायनिंगवर तेल पाझरले असेल तर ती जोडी बदलावी, आणि दोन्ही चाकांना एकाच जातीची घालावी. ड्रम खरादावर घातला तर दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच व्यासाचे ठेवावेत. एक खूप घासलेला आणि दुसरा नवा, ही जोडी नांदत नाही. रबरी होज मात्र बाहेरून धडधाकट दिसून आतून सुजलेला असू शकतो. तेल जाते, पण परत यावयास वेळ लावते. मग ते चाक ब्रेक सोडल्यावरही आवळलेले राहते आणि मोटार एका बाजूस ओढते. अशा वेळी सिलिंडर बदलून काहीच साधत नाही.

आणि माप पाहावे. सिलिंडरच्या अंगावर पुष्कळदा ते उठविलेले असते; नसेल तर कॅलिपर आहेच. उत्तरपाड्यास अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. कुर्ल्याची पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी गेली. अशा मोटारींचे भाग आता निरनिराळ्या हातांनी घडविलेले येतात, आणि "त्याच गाडीचा आहे" या दुकानातल्या वाक्याला मापाची जोड हवीच.

काही मोटारींत, विशेषतः पुढे डिस्क आणि मागे ड्रम असणाऱ्यांत, तोल राखण्यासाठी तेलाच्या वाटेत एक झडप असते. आतला दट्ट्या दोन व्यासांचा, त्याला एक स्प्रिंग. ठरावीक दाबापर्यंत मागे-पुढे सारखेच तेल जाऊ द्यावयाचे, त्यापुढे मागच्या वाटेत दाब हळूहळूच वाढू द्यावयाचा, हे तिचे काम. कोठे कोठे ती आसाशी दांड्याने जोडलेली असते, म्हणजे मागे सामान भरले की मागचा ब्रेक वाढतो. ही झडप गंजून बसली की कोणी तिला काढून सरळ नळी जोडतो. ब्रेक "कडक" लागतात, मालक खूष होतो. मी ज्या खड्ड्यात पडलो त्याच खड्ड्याची ही दुसरी वाट. या झडपेची परीक्षा दोन दाबमापकांनीच करता येते: एक पुढच्या निपलला, एक मागच्या, आणि दोन्ही आकडे मोटारीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावयाचे. पेडलच्या स्पर्शावरून अंदाज करण्यात अर्थ नाही.

नवे भाग बसल्यावर शू जुळवावे, मग हवा काढावी. बहुतेक जुन्या मोटारींत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी. हातब्रेक सर्वांत शेवटी जुळवावा. मग मिनिटभर पेडल जोराने दाबून धरावे. पाऊल हळूहळू खाली जाऊ लागले तर कोठे तरी गळती आहे. रस्त्यावर जाण्याचे नाव काढू नये. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून अर्धवट वापरलेल्या बाटलीतले ओतू नये. डॉट ३ जातीचे तेल ताजे असता निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच अट १४० अंशांवर येते. लांब घाटात ड्रम तापले की हा फरक जीवावर बेततो. दोन वर्षांनी तेल बदलावे.

आमच्या मोटारीची परीक्षा मिस्त्रींनी एका मोकळ्या, ओसाड मैदानात घेतली. आधी ताशी वीस, मग तीस, मग चाळीस. चाळीसच्या वेगाने ब्रेक लागल्यापासून मोटार कोरड्या जागेवर साधारण साडेदहा मीटरांत थांबावी. साठच्या वेगाला त्याच ब्रेकने साडेतेवीसांहून थोडे अधिक लागतात. वेग दीडपट झाला की अंतर सव्वादोनपट होते. मी बाजूस, बऱ्याच अंतरावर उभा राहून कोणती चाके आधी थांबतात ते पाहात होतो. पहिल्या दोन खेपांस कोणतेच थांबले नाही. तिसऱ्या खेपेस त्यांनी पूर्ण जोर लावला, आणि पुढची दोन्ही चाके एकदम थांबून त्यांनी जमिनीवर दोन सारख्या काळ्या रेघा ओढल्या. मागची फिरत राहिली. मग त्यांनी प्रत्येक ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाकून ते किती वेळात वाळतात ते पाहिले. डावे-उजवे सारखे वाळले. नंतर आम्ही मोटार तपासणी केंद्रातल्या रोलरच्या यंत्रावरही नेली. तेथे प्रत्येक चाकाचा जोर निरनिराळा मोजला जातो. पण माझा विश्वास त्या दोन रेघांवर बसला होता. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना चाक घसरू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. तिच्यातले यंत्र दर क्षणी हा तोल सांभाळते. आमच्या मोटारीत मात्र तो सांभाळणारे सहा सूत तेवढे आहेत.

ते सात सुती सिलिंडर मी परत करावयास निघालो होतो. मिस्त्रींनी ते माझ्या हातातून घेतले, पांढऱ्या रंगाने त्यांवर ठळक "७" काढला, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगले. पुढल्या महिन्यात आम्ही पुन्हा वाईस गेलो. परतताना कात्रजच्या बोगद्यापाशी पाऊस लागला, तेव्हा आईने मोटार थांबविण्यास सांगितले. मला वाटले, तिला उतरावयाचे आहे. ती उतरली, आणि माझ्या शेजारच्या आसनावर येऊन बसली.